कंठस्वर कोणाचा?

यंत्रमानव आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांविषयी कायद्याने काय करावे, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा यंत्रास 'व्यक्ती' मानावे की काय, या तात्त्विक वळणास लागते. २०१७ साली युरोपीय संसदेनेही असा विचार पुढे मांडला होता. आम्हांस तो मार्ग पटत नाही. आपल्याकडे देवमूर्तीस कायद्याने व्यक्तित्व आहे हे खरे. परंतु तिच्या वतीने वहिवाट पाहणारा व न्यायालयात उत्तर देणारा मनुष्य असतोच. यंत्रास व्यक्तित्व दिले, तर त्याचा निर्माता मात्र नामानिराळा राहील.

खरी अडचण याहून जवळची आहे, आणि ती आवाजाची आहे. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली इंदुरात झाला. म्हणून माळव्यातील मराठी माणसास हा विषय विशेष जिव्हाळ्याचा. आज एखाद्या गायकाच्या ध्वनिमुद्रणांचे नमुने यंत्रास पुरविले की त्याने कधीही न गायिलेले गीत ते त्याच्याच गळ्यातून ऐकविते. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा येथे तोकडा पडतो. त्याने गीत रक्षिले, चाल रक्षिली, ध्वनिमुद्रिकाही रक्षिली; गळा रक्षिला नाही. नटाचेही एके काळी असेच झाले होते. चित्रपटातील अभिनय ही या कायद्याच्या व्याख्येतील 'कृती' नव्हे, असा निर्णय देव आनंद यांच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिला. प्रयोगकर्त्यांचे हक्क कायद्यात आले ते १९९४ च्या दुरुस्तीने. त्याच दुरुस्तीने, संगणकाने निर्मिलेल्या कृतीचा कर्ता कोण, याचेही उत्तर देऊन ठेवले आहे: ती निर्माण करविणारी व्यक्ती. हे सूत्र आम्हांस आजही उपयुक्त वाटते. लाभाचा धनी जो, तोच दोषाचाही धनी असावा.

न्यायालये स्वस्थ बसली नाहीत. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या दाव्यात, संमतीवाचून आवाजाची नक्कल करणारी साधने उपलब्ध करून देणे हा व्यक्तित्वहक्काचा भंग होय, असे प्रथमदर्शनी मानून मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई केली. परंतु हे संरक्षण कीर्तीच्या आधाराने मिळालेले आहे. आमच्या मानपुरात टाळेबंदीच्या काळी शिक्षिकांनी आपले पाठ भ्रमणध्वनीवर मुद्रित करून घरोघर धाडले. त्यांपैकी एखादीचा आवाज वापरून कोणी पालकांस लुबाडले, तर फसवणुकीचा गुन्हा नोंदता येईल. पण तिच्याच आवाजात, तिला न विचारता, नवे पाठ तयार करून कोणी विकू लागला, तर तिने कोणत्या कीर्तीचा दाखला द्यावा?

दिवंगतांची स्थिती याहून बिकट. व्यक्तित्वाचे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली एका अभिनेत्याच्या प्रकरणी म्हटले. लताबाई २०२२ मध्येच निवर्तल्या आहेत. अमेरिकेतील टेनेसी राज्याने २०२४ मध्ये केलेला कायदा आवाजाचा हक्क प्रत्येक मनुष्यास देतो, प्रसिद्धीची अट घालीत नाही, आणि मृत्यूनंतर निदान दहा वर्षे तो वारसांकडे ठेवतो. आपल्या संसदेने असा कायदा करावा. त्यात अध्यापनास, विडंबनास आणि नकलाकारांस सूट हवी. गणेशोत्सवात पुढाऱ्यांच्या नकला करणारा पोर गुन्हेगार ठरता कामा नये. मुदत मात्र दहा वर्षांची नको; लेखकाच्या स्वामित्वहक्काप्रमाणे ती मृत्यूनंतर साठ वर्षांची असावी.