शाळेतील मुलींचे चार दिवस

चारचौघांत सहसा कोणी काढत नाही असा विषय आज घेतला आहे. मुलगी बारा-तेरा वर्षांची होते, सहावी-सातवीत जाते आणि तिला न्हाण येते. ‘कावळा शिवला’ म्हणून आपण विषय मिटवतो. मुलीचा प्रश्न मात्र तिथेच सुरू होतो.

पाळी म्हणजे विटाळ नव्हे. गर्भाशयाच्या आत दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही, की ते रक्ताबरोबर बाहेर पडते. हे सारे रक्त बहुधा अर्धी वाटीही भरत नाही. पण ते टिपायला स्वच्छ काही जवळ नसेल, तर मुलगी कपड्याला डाग पडेल ह्या धाकाने घरी बसते. दर महिन्याला चार दिवस बुडाले, की गणित मागे पडते, आणि मग हळूहळू शाळाच सुटते.

पॅड घेणे परवडत नाही, तिथे जुन्या लुगड्याची घडी वापरतात. कापड वाईट नाही. ओलसर कापड वाईट. साबणाने धुऊन उन्हात खडखडीत वाळवले, तर ते चांगले काम देते. पण माथेरानच्या पायथ्याच्या आपल्या कर्जत-खालापूर भागात जून ते सप्टेंबर ऊन म्हणजे पाहुणाच! त्यातून ते कापड लाजेने दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळत घालायचे. मग ते दमट राहते, आणि अंगाला खाज व जंतुसंसर्ग होतो.

म्हणून शाळेला पॅड देणाऱ्यांचे स्वागतच आहे. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने ‘अस्मिता’ योजना काढली. तिच्यात जिल्हा परिषद शाळांतील मुलींसाठी ८ पॅडांच्या पाकिटाची किंमत ५ रुपये ठेवली होती. पण दान करताना थोडा हिशेब करा. दिवसाला ४ पॅड, असे ४ दिवस, म्हणजे महिन्याला १६ पॅड : दोन पाकिटे. शाळेचे १० महिने धरले, तर एका मुलीला २० पाकिटे आणि ४० मुलींना ८०० पाकिटे लागतील. समारंभ करून प्रत्येकीच्या हाती एकेक पाकीट ठेवले, तर ते दोन दिवसांत संपते. तिसऱ्या दिवशी तिने काय करायचे? तेव्हा शंभर मुलींना एकदा देण्यापेक्षा पाच मुलींना वर्षभर पुरवा.

दुसरी गोष्ट ऋतूची. पावसात वापरून टाकायचे पॅड सोयीचे. उन्हाळी महिन्यांत धुऊन वापरायचे कापडी पॅड चालतात. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. शाळेच्या कपाटातले पाकीट त्या मुलीला भट्टीवर कसे मिळणार? ती निघण्यापूर्वी तिला चार-पाच कापडी पॅड आणि साबणाच्या दोन-तीन वड्या बरोबर द्या.

तिसरी गोष्ट, नुसत्या पॅडने भागत नाही. ते बसवायला चड्डी लागते; अंगावर धड एकच असेल, तर पॅड निरुपयोगी. संडासाला आतून कडी हवी, पाणी हवे, झाकणाची बादली हवी. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून बादलीत टाकावे. संडासात टाकले, तर तो तुंबतो. वाडीवर कचऱ्याची गाडी येत नाही, तेव्हा त्याची विल्हेवाट कशी लावायची, हे ग्रामपंचायतीशी आधीच ठरवून घ्या.

आता शिक्षकांना एक विनंती. पाकिटे कुलपात ठेवू नका. मुलीला किल्ली मागावी लागली, की ती मागतच नाही. एखाद्या बाईंच्या किंवा मोठ्या वर्गातल्या मुलीच्या ताब्यात उघडी पेटी असू द्या. वाटपाचे फोटो काढू नका. आणि मुलगेही पाळीचा पाठ ऐकू देत. चिडवणे त्यानेच थांबते.

गावात एखादी देणगी द्यायची असेल, तर आधी शाळेतल्या बाईंना दोन प्रश्न विचारा : मुली किती, आणि महिने किती? उत्तर ऐकून मगच पैसे काढा.