पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत



इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की घरोघरी गोंधळ उडतो. उत्तरे ताडून पाहिली तर २०० पैकी ११० गुण, म्हणजे ५५ टक्के. आणि निकालपत्रावर आकडा ९० चा! मग खरे काय धरायचे?

दोन्ही खरे. टक्के सांगतात पोराने किती गुण मिळविले; पर्सेंटाइल सांगते तो किती जणांच्या बरोबरीने वा पुढे आहे.

गणित गटाच्या पेपरात भौतिक व रसायनचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. चुकल्यास गुण कापत नाहीत. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर होते, अनेक दिवस, अनेक सत्रांत. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. एखादा सोपा, एखादा अवघड. हंगामाच्या सुरुवातीचा उतारा आणि जानेवारीचा उतारा आपण एका मापाने मोजत नाही, तसेच हे.

म्हणून हिशेब सत्रापुरता होतो. धरा, एका सत्रात २०,००० मुले बसली. आपल्या मुलाइतके किंवा त्याहून कमी गुण १८,००० जणांना पडले (त्यात आपला मुलगाही आला). १८,००० भागिले २०,०००, गुणिले १००, म्हणजे ९० पर्सेंटाइल. सत्रात पहिला येणाऱ्यास १००. एकूण पर्सेंटाइल ही तीन विषयांची सरासरी नव्हे. ती एकूण गुणांवरून स्वतंत्र काढतात.

आता महत्त्वाचे. ९० पर्सेंटाइल म्हणजे लाखामागे सुमारे दहा हजार मुले पुढे. ९९ म्हणजे हजार. एका अंकाने एवढा फरक पडतो, म्हणूनच निकालात दशांश चिन्हापुढे सात आकडे असतात.

तेव्हा ५५ टक्के ऐकून पोराला बोल लावू नका, आणि ९० पाहून पहिले कॉलेज पक्के झाले असेही समजू नका. सीईटी कक्ष कॉलेजवार, शाखावार, प्रवर्गवार मागील वर्षाचे कट-ऑफ प्रसिद्ध करतो. आपली पर्सेंटाइल त्याशी ताडून पाहा, गुण नव्हे. कट-ऑफ दरवर्षी थोडा हलतो, म्हणून पसंतीक्रमात वरची, जुळणारी आणि खालची अशी तिन्ही प्रकारची कॉलेजे भरा.

“एवढ्यावर काही मिळायचे नाही, जागा आत्ताच धरा” म्हणणारा कोणी दारात आला, तर आधी हा हिशेब मांडा. उसाच्या बिलाचा पैसा घामाचा आहे. काट्यावरचे वजन पाहिल्याशिवाय आपण पावती घेत नाही. इथेही घेऊ नये, असे आम्हांस वाटते.