आधी रिकामा डबा तोला

बेळगावच्या गणपत गल्लीत सकाळचे अकरा वाजलेत. मिठाईच्या दुकानात काउंटरपर्यंत हात तेवढा पोचतोय. माझ्या पुढे निपाणीच्या एक मावशी. पिशवीतून त्या कडीचा स्टीलचा डबा काढतात, पदराने आतून पुसतात आणि थेट काट्यावर ठेवतात.

"मामा, आधी ह्यो रिकामा तोला. मग किलोभर कुंदा घाला."

दुकानदार हसतो, बटण दाबतो. आकडा शून्यावर येतो. दूध आटवून, दही घालून, साखरेबरोबर तांबूस होईस्तोवर परतलेला रवाळ कुंदा अजून कोमट आहे. मावशी झाकणाला हात घालतात, तर तो अडवतो, "वाफ धरंल. जरा निवू दे." मागे प्लास्टिकच्या डब्यांची चळत छताला टेकलीय. घाईत भरलेल्या दोन-तीन डब्यांच्या झाकणांना आतून घाम फुटलाय.

"सगळेच घरून डबा आणतात का?" मी विचारतो.

"कुठलं साहेब! ह्यांच्यासारखी चार-दोन माणसं."

"आमच्याकडं तंबाखूच्या वखारीत गोणपाटसुदा फाटंस्तोवर वापरत्यात," मावशी ऐकवतात. "ह्यो तर चांगला डबा हाय."

मागून एक तरुण घाई करतो. पुण्याची गाडी आहे, अर्ध्या किलोचे पाच हवेत. पाच डबे, पाच चिकटपट्ट्या आणि वर कापडासारखी दिसणारी पिशवी. ती बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे तेही प्लास्टिकच. प्लास्टिकच्या पिशव्यांवर कर्नाटकात २०१६ साली बंदी आली, महाराष्ट्रात २०१८ साली. डबे मात्र या दुकानात बिनघोर चालू आहेत. पुण्याच्या प्रवासाला स्टीलचा डबा घ्या, असं त्या तरुणाला मी सांगणार नाही. पण गल्लीतल्याच गिऱ्हाइकाला, तासाभरात फेकला जाणारा डबा कशाला?

समोरच्या गाड्यावर गोटी सोडा फुटतो. पोरं उभ्यानं पितात, बाटली खोक्यात परत ठेवतात. ती घरी न्यायची नसते, हे कुणाला सांगावं लागत नाही. अनामत घेऊन कुंद्याचाही डबा असाच फिरवता येईल. दुकानदाराला विचारतो, तर तो म्हणतो, "परत आणून देणार कोण?" शंका रास्त आहे. म्हणून सुरुवात आपल्याच डब्यानं करावी.

बेळगावात कुंदा घ्यायला जाल तेव्हा रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा डबा न्या आणि तो आधी रिकामा तोलायला सांगा. वेष्टनाचं वजन मालात धरायचं नाही, असा वजनमापाचा नियमच आहे.