मेंदूतील गाठ परत का येते?

“गाठ पुरती काढली, असं सर्जन म्हणाले होते. मग सात महिन्यांत परत कशी आली? माझंच काही चुकलं का हो, डॉक्टर?”

मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात सत्तरीच्या एका बाईंनी विचारलेला हा प्रश्न. यजमानांना ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूची अत्यंत आक्रमक गाठ. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, गोळ्या एकही दिवस न चुकता दिल्या. तरीही त्या स्वतःच्या शुश्रूषेत खोट शोधत होत्या.

खोट तिथे नव्हतीच. या गाठीला कवच नसते. तिच्या पेशी मुळांप्रमाणे निरोगी मेंदूत शिरलेल्या असतात, आणि बोलणे-चालणे सांभाळणारा भाग सर्जनला खरवडून काढता येत नाही. शिवाय एकाच गाठीतील सर्व पेशींची जनुके सारखी नसतात. टेमोझोलोमाइडच्या गोळ्या पेशीच्या डीएनएवर घाव घालतात. एमजीएमटी हे जनुक ज्यांच्यात जागे आहे, त्या पेशी तो घाव भरून काढतात. काही रुग्णांत तर औषधाच्या माऱ्याखालीच डीएनएतील चुका सुधारणारी यंत्रणा बिघडते आणि उत्परिवर्तनांचा ढीग साचतो. परतलेली गाठ बहुधा जुन्या जागेजवळच उगवते, पण ती पहिल्यासारखी राहिलेली नसते.

टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक संस्थेत डॉ. शिल्पी दत्त यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले काम वाचून मी थक्क झालो होतो. किरणांच्या माऱ्यातून वाचलेल्या मोजक्या पेशी प्रयोगशाळेत एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या थोराड पेशी झाल्या, काही काळ स्वस्थ राहिल्या आणि पुन्हा वाढू लागल्या. अशा पेशींपुढे घरच्या पथ्याचे काय चालणार?

दोन गोष्टी मात्र शुश्रूषा करणाऱ्यांनी जाणून घ्याव्यात. किरणोपचारानंतरच्या पहिल्या सुमारे तीन महिन्यांत एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसली, तरी कधी कधी ती उपचारांची प्रतिक्रिया असते. पहिल्याच अहवालावर धीर सोडू नये. आणि मेंदूची सूज उतरवणारे स्टेरॉइड स्वतःहून एकाएकी बंद करू नये.

वयाचा प्रश्नही येतोच. पासष्टीपुढील रुग्णांच्या २०१७ मधील एका मोठ्या चाचणीत तीन आठवड्यांच्या किरणोपचारांना या गोळ्यांची जोड दिल्यावर मध्यम आयुर्मान ७.६ महिन्यांवरून ९.३ महिन्यांवर गेले. आकडा लहान आहे. तो मी लपवत नाही.

दुसरी शस्त्रक्रिया नको, असे यजमानांनीच ठरवले. बाईंनी आता एक वही केली आहे: फिट कधी आली, डोके केव्हा दुखले, झोप किती लागली. दर सोमवारी ती वही घेऊन त्या येतात.