प्रथम वर्गाचें गुणपत्रक



ज्यानें स्वतः मॅट्रिकपलीकडे शिक्षण घेतलें नाहीं त्यानें विद्यापीठांच्या पदव्यांविषयीं बोलावें, हें कित्येकांस धिटाईचें वाटेल. परंतु पदवीची खरी पारख विद्यापीठांत होत नसते. ती बाहेर, नित्याच्या व्यवहारांत होते. आमच्या कळसाडीस मागें एक तरुण माझ्याकडे आला. माझाच जुना विद्यार्थी. घरांतला पहिला पदवीधर. जवळ प्रथम वर्गाचें गुणपत्रक होतें, आणि काम एवढेंच कीं नोकरीचा अर्ज मीं लिहून द्यावा. “गुरुजी, मला मजकूर जुळवितां येत नाहीं,” तो म्हणाला. मीं अर्ज लिहून दिला. पण तें गुणपत्रक कितीतरी वेळ हातांतून खालीं ठेववेना.

हा रोग केवळ आपल्याच मातींतला आहे असें मानण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचें नांव कोणास ठाऊक नाहीं? तेथें सर्वाधिक दिली जाणारी श्रेणी ‘ए’ हीच असल्याचें २०१३ सालीं उघड झालें; आणि २०२५ च्या तेथील अहवालाप्रमाणें पदवीच्या वर्गांत दिल्या जाणाऱ्या श्रेणींपैकीं सुमारें ६० टक्के याच सर्वोच्च श्रेणीच्या होत्या. वीस वर्षांपूर्वीं हें प्रमाण पाव हिश्शाच्या आसपास होतें. विद्या वाढली म्हणून गुण वाढले म्हणावें, तर रिचर्ड अॅरम व जोसिपा रोक्सा या दोन अभ्यासकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेला ग्रंथ आड येतो. तेथील चोवीस संस्थांतील दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची त्यांनीं पाहणी केली. पहिल्या दोन वर्षांत ४५ टक्के विद्यार्थ्यांच्या विचारशक्तींत व लेखनांत लक्षांत घेण्याजोगी कांहींच प्रगति त्यांना आढळली नाहीं.

असें कां होतें? कोणी एक दुष्ट मनुष्य हें घडवून आणीत नाहीं. प्रत्येकाची त्यांत थोडीथोडी सोय असते, हीच खरी अडचण आहे. गुण सढळ असले म्हणजे विद्यार्थी खूष, पालक कृतार्थ, महाविद्यालयाचा निकाल उत्तम आणि पुढील वर्षींचे प्रवेश निर्धास्त. आपल्याकडे त्यांत आणखी एका गोष्टीची भर पडते. महाविद्यालयांत कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात आणि ‘तासिका तत्त्वावर’ नेमलेला शिक्षक तासागणिक मोबदल्यावर शिकवितो. पुढील वर्षीं आपली नेमणूक होईल कीं नाहीं, हें त्याला ठाऊक नसतें. अंतर्गत गुण मात्र त्याच्याच हातीं! त्यानें प्रामाणिकपणें शून्य द्यावें अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानें करावी? शिवाय ठराविक प्रश्न फिरून फिरून येत असल्यानें मुलें मूळ ग्रंथास हात न लावतां गाइडांतील उत्तरें पाठ करतात. तें पाठांतरहि, माझ्या मतें, कष्टाचेंच असतें. तें निकामी आहे एवढेंच.

मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी. ए. परीक्षेंत, १८६२ सालीं, चौघे उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकीं दोघे. त्याच विद्यापीठानें २०१७ सालीं सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला. निकाल रखडले, आणि अखेर कुलपतींनीं कुलगुरूंना पदावरून दूर केलें. हीं दोन चित्रें शेजारीं ठेवून ‘सर्वांना शिकवूं गेलां म्हणून दर्जा बुडाला’ असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला तें मान्य नाहीं. त्या काळीं सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलास पदवी ठाऊक तरी होती काय? शेतकऱ्याच्या करांतून येणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि रयतेच्या मुलांस प्राथमिक शाळाहि मिळत नाहीं, ही तक्रार जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालींच हंटर आयोगापुढें मांडली होती.

उलट, पदवी हिणकस झाली म्हणजे पहिला घाव याच रयतेवर पडतो. सधन घरच्या मुलास पदवीखेरीज ओळखी आहेत, शहरांतले क्लास आहेत, घरांत पुस्तकें आहेत. भिलीं-पावरी बोलणाऱ्या घरांतून आलेल्या मुलाजवळ तो एक कागदच असतो. त्यासाठीं बापानें बैल विकलेला असतो. त्या कागदावर कोणाचा विश्वास राहिला नाहीं, तर नोकरी देणारा पुन्हां नांव-गांव आणि ओळखपाळखच विचारूं लागतो.

आणि दोष केवळ वरच्यांचा, असें मला म्हणतां येत नाहीं. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवीपर्यंत कोणास त्याच वर्गांत मागें ठेवूं नये असें ठरविलें, आणि त्याबरोबरच प्रत्येक मुलाच्या आकलनाचें सतत मूल्यमापन करावें असेंहि सांगितलें. पहिला भाग आम्हीं तत्परतेनें पाळला. दुसरा बहुधा तक्त्यांत भरला. ते तक्ते मींहि भरले आहेत. त्या तरुणाच्या नांवापुढें मीं काय लिहिलें होतें, तें आज आठवत नाहीं, आणि आठवूं नये असेंच मन म्हणतें.

विद्यापीठशिक्षणांत एकच सुधारणा सुचवावयाची तर ती परीक्षेची, असें राधाकृष्णन आयोगानें १९४९ सालींच म्हटलें होतें. अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठानें २००४ सालीं ‘ए’ श्रेणीवर ३५ टक्क्यांची मर्यादा घातली, पण दहा वर्षांत ती सोडून दिली. एकट्यानें कडक होणारा एकटाच पडतो. मला सुचतें तें अगदीं साधें आहे. गुणपत्रकावर गुणांच्या शेजारीं, त्या विषयांत तितके किंवा अधिक गुण किती जणांस मिळाले, हा आंकडा छापावा; आणि प्रत्येक प्रश्नपत्रिकेंत एक तरी अपरिचित उतारा असावा, ज्याचें उत्तर कोणत्याहि गाइडांत सांपडणार नाहीं.

तो तरुण हल्लीं दर रविवारीं माझ्याकडे येतो. गेल्या खेपेस त्यानें गांवच्या पाण्याविषयीं दोन पानें लिहून आणलीं. पहिल्या पानास मीं शंभरांपैकीं अडतीस गुण दिले, दुसऱ्यास बेचाळीस. तो जरासा हिरमुसला, मग वही पुढें करून म्हणाला, “हे चार कशाबद्दल वाढले, तें सांगा.”