पायाखालची नगरे : कऱ्हाड आणि कृष्णाकाठचा प्राचीन वारसा

ओसाड पडलेल्या गावाचे उत्खनन करणे आणि नांदत्या गावाचा प्राचीन इतिहास शोधणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. ओसाड जागेवर पुरातत्त्वज्ञाला हवा तिथे खड्डा घेता येतो. नांदत्या नगरात मात्र त्याच जागेवर पिढ्यानपिढ्या घरे उठत आणि पडत आलेली असतात, जुन्या भिंतींचे दगड नव्या पायात गेलेले असतात आणि खोदायला मोकळी अशी जागा एखाद्या पडक्या वाड्याच्या परसाएवढीच उरते. युरोपातील अनेक शहरांची हीच स्थिती आहे. स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा येथे डॅन्यूब नदीच्या काठी, आज किल्ला उभा असलेल्या टेकडीवर, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात केल्टिक लोकांचे तटबंदी असलेले मोठे नगर होते (केल्ट म्हणजे रोमन सत्ता पसरण्यापूर्वी मध्य व पश्चिम युरोपात वसलेले, एका भाषाकुळातील जनसमूह). त्या टेकडीवर अलीकडे झालेल्या उत्खननांत केल्टिक वस्तीमध्येच रोमन पद्धतीच्या बांधकामाचे अवशेष मिळाले आणि रोमन लोकांशी आलेला संबंध युद्धापुरता नव्हता, घरे बांधण्याच्या रीतीपर्यंत तो पोहोचला होता, हे त्यावरून दिसून आले. शेजारच्या ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या मिखाएलरप्लात्झ या गजबजलेल्या चौकात रोमन काळापासूनच्या भिंती मधोमध उघड्या ठेवलेल्या आहेत आणि नागरिक त्यांच्या कडेने रोज ये-जा करतात.

कृष्णेच्या खोऱ्यात याच्याशी तुलना करावी असे नगर म्हणजे कऱ्हाड होय. सातारा आणि सांगली ही दोन्ही जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे त्या मानाने तरुण आहेत. सातारा शहर छत्रपती शाहूंच्या काळात, अठराव्या शतकात, नावारूपाला आले, तर सांगलीला महत्त्व आले ते 1801 मध्ये पटवर्धनांच्या वेगळ्या संस्थानाची ती राजधानी झाल्यावर. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात त्या प्रीतिसंगमावरील कऱ्हाड मात्र दोन हजार वर्षांहून अधिक काळ सतत नांदते आहे. त्याचा सर्वांत जुना पुरावा कऱ्हाडमध्ये मिळालेला नाही, तो शेकडो मैल दूर मिळाला, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे.

मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यातील भारहूत येथे एक मोठा बौद्ध स्तूप होता. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी 1873 मध्ये तो शोधून काढला आणि त्याचा कोरीव दगडी कठडा पुढे कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात नेण्यात आला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासच्या या कठड्याच्या खांबांवर आणि आडव्या दगडांवर ते दगड ज्यांनी दान दिले त्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, आणि त्यांत ‘करहकट’ येथील निगमाने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. निगम म्हणजे व्यापाऱ्यांची संघटित पेठ किंवा त्या पेठेचा कारभार पाहणारी सभा. करहकट म्हणजेच कऱ्हाड असे अभ्यासकांनी मानले आहे. याचा अर्थ असा की, त्या काळी कऱ्हाडला नुसती वस्ती नव्हती, तर स्वतःच्या नावाने एकत्र येऊन दूरच्या तीर्थस्थानी दान पाठवण्याइतकी सधन आणि संघटित बाजारपेठ होती.

दुसरा पुरावा कोकणातला आहे. रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीजवळ कुडा येथे बौद्ध लेण्यांचा समूह आहे. तेथील लेखांमध्ये महाभोज घराण्यातील स्त्री-पुरुष, वैद्य, माळी अशा नाना थरांतील दात्यांची नावे येतात आणि त्यांतच करहाकड येथील महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने एक लेणे दान दिल्याचे नोंदलेले आहे. एवढ्या एका ओळीतून बरेच काही हाती लागते. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पेठेत लोखंडाचा धंदा करणारा माणूस घाट उतरून खाडीकाठच्या भिक्षुसंघाशी नाते जोडतो आणि कातळात संपूर्ण लेणे खोदवण्याचा खर्च सोसतो, तेव्हा त्याचा धंदा किनाऱ्यापर्यंत पोहोचलेला होता असे अनुमान काढावे लागते. कुड्याजवळचे मांदाड हेच ग्रीक प्रवासग्रंथांतील ‘मंदगोरा’ बंदर असावे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. हे मत ग्राह्य धरले तर महिकाचे लेणे रोमन साम्राज्याशी व्यापार करणाऱ्या सागरी मार्गाच्या अगदी तोंडाशी येते. ते नुसते पुण्यकर्म होते की व्यापारातील पत सांभाळण्याचाही तो एक मार्ग होता, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. बहुधा दोन्ही गोष्टी एकत्रच असाव्यात.

कऱ्हाडच्या नैर्ऋत्येला काही किलोमीटरवर, जखिणवाडीच्या माथ्यावरील आगाशिवाच्या डोंगरात, साठहून अधिक लेणी आहेत. साताऱ्यात इंग्रज सरकारचे प्रतिनिधी असलेले बार्टल फ्रिअर यांनी 1849 च्या सुमारास त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि पुढे फर्ग्युसन व बर्जेस यांनी 1880 च्या आपल्या ग्रंथात त्यांची पद्धतशीर नोंद केली. ही लेणी कार्ले किंवा अजिंठ्याच्या मापाने पाहणाऱ्याची निराशा होते, कारण त्यांत भव्य कमानी, चित्रे किंवा शिल्पपट नाहीत. बहुतेक लेणी म्हणजे एक लहान दालन, त्याच्या भिंतीत भिक्षूंना निजण्यासाठी कोरलेल्या खोल्या आणि दगडी ओटे, इतकीच आहेत, तर मोजक्या लेण्यांत पूजेसाठी घडवलेला स्तूप आहे. मूर्तीऐवजी स्तूपाचीच पूजा होत असे, त्या आरंभीच्या बौद्ध परंपरेतील ही लेणी असून गोपाळाचा मुलगा संघमित्र याने लेणे दान दिल्याचा लेख त्यांच्यात आहे. मात्र साधेपणामुळे त्यांचे मोल कमी होत नाही. एका डोंगरात साठ-साठ विहार पोसायचे तर भिक्षूंना भिक्षा घालणारे, पावसाळ्यात धान्य पुरवणारे मोठे नगर पायथ्याजवळ असावेच लागते, आणि तेवढे मोठे नगर त्या परिसरात कऱ्हाडखेरीज दुसरे नव्हते.

मग ते नगर गेले कुठे, असा प्रश्न साहजिकच येतो. ते कुठे गेलेले नाही, आजच्या पेठांच्या आणि घाटांच्या खाली ते थरांनी साचलेले आहे. महाराष्ट्रात जुन्या वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. मातीच्या भिंती, चुलीतली राख, शेण, खापरे आणि हाडे शतकानुशतके एकावर एक पडत गेल्याने भोवतालच्या काळ्या रानात ही जमीन फिकट आणि उंच दिसते. तिच्यातील राखेमुळे ती पिकाला खत म्हणून चालते आणि पाणी सहज झिरपू देत नसल्याने धाब्याच्या घरांवर पसरायलाही बरी पडते. म्हणूनच पैठण, तेर यांसारख्या प्राचीन नगरांच्या पांढरींची माती गाड्या भरभरून उपसली गेली आणि दोन हजार वर्षांचा इतिहास शेतात पसरला गेला. नांदत्या गावात हा उपसा होत नाही, पण तिथे पाया, शौचकूप आणि आता तळघरे खणताना तोच नाश तुकड्यातुकड्याने होतो. पुरातत्त्वज्ञाला वस्तूइतकीच, किंबहुना वस्तूपेक्षा अधिक, ती ज्या थरात सापडली त्या थराची गरज असते. थर विस्कटला की नाणे केवळ नाणेच उरते आणि त्याच्या सोबतचे घर, चूल, खापर यांच्याशी असलेला संबंध कायमचा तुटतो.

थोड्याशा मोकळ्या जागेतूनही काय हाती येऊ शकते, याचे उत्तर शेजारच्या कोल्हापूरने दिले आहे. पंचगंगेच्या काठी शहराला लागूनच ब्रह्मपुरी नावाचे टेकाड आहे. तेथे 1877 मध्ये एका स्तूपाच्या अवशेषांत दगडी करंडक सापडला. त्याच्या झाकणावर ते ब्रह्म नावाच्या व्यक्तीचे दान असून धम्मगुत्ताने घडवल्याचे प्राकृतात कोरलेले होते. त्याच वर्षी शिशाच्या नाण्यांचा मोठा साठाही मिळाला. पुढे 1944-45 मध्ये प्रा. के. जी. कुंदनगार यांच्या खोदकामात तेथील एका घराच्या अवशेषांत काशाच्या सुमारे शंभर वस्तू एकत्र मिळाल्या, आणि 1945-46 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी त्या टेकाडाचे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सर्वांत खाली सातवाहन काळातील भाजक्या विटांची घरे, त्यावर शिलाहार काळाचा थर आणि त्यावर बहमनी व नंतरच्या काळाचे थर, ज्यांत रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे विपुल होते, असा क्रम त्यांना मिळाला.

काशाच्या त्या साठ्यातील बहुतेक वस्तू, त्यांत माणसे बसलेला एक देखणा हत्तीही आहे, भारतीय कारागिरांच्या आहेत. थोड्या वस्तू मात्र निःसंशय भूमध्य समुद्राकडून आलेल्या आहेत. त्यांत एक आरसा, मद्याची सुरई आणि सर्वांत प्रसिद्ध अशी पोसायडनची वीतभरही उंच नसलेली मूर्ती आहे. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. एक पाय उंचावर टेकलेला, अंगावर वस्त्र नाही, दाढी आणि केस दाट, आणि उंचावलेल्या हातात एके काळी त्रिशूळ असावा अशी त्याची ठेवण आहे. पंचगंगेकाठच्या एका घरात हा समुद्रदेव कसा आला, याचे उत्तर व्यापारात आहे. मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने इजिप्तच्या बंदरांतून निघालेली जहाजे पश्चिम किनाऱ्यावर येत, मसाले, कापड, मौल्यवान खडे घेऊन जात, आणि त्या बदल्यात सोने-चांदी, मद्य, काच व धातूच्या वस्तू देत. भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन चलनातील एक नाणे) वाहून जातात, अशी तक्रार पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी करतो. पोसायडनच्या मूर्तीवरून कोल्हापुरात रोमन लोक राहत होते असे सांगणारे उत्साही लेखन अधूनमधून वाचायला मिळते. त्याला आधार नाही. एखाद्या घरात चिनी मातीचा कप असला म्हणून त्या घरात चिनी मनुष्य राहतो असे कोणी म्हणत नाही. या मूर्तीवरून एवढेच म्हणता येते, आणि ते पुरेसे मोठे आहे, की घाटमाथ्यावरील एका नगराला समुद्रापलीकडची वस्तू विकत घेण्याची ऐपत आणि ती जपून ठेवण्याची आवड होती.

ब्रह्मपुरीच्या शिशाच्या नाण्यांची कहाणी त्याहून रोचक आहे. त्यांवर धनुष्यबाण आणि टेकडीचे चिन्ह असून विळिवायकुर, सिवलकुर अशी राजांची नावे आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीने ‘हिप्पोकुरा’ ही ‘बालिओकुरोस’ याची राजधानी असल्याचे नोंदले आहे, आणि हा बालिओकुरोस म्हणजे कोल्हापूरच्या नाण्यांवरील विळिवायकुर असे अभ्यासक मानतात. ब्रातिस्लाव्हाच्या टेकडीवरील केल्टिक सरदारांनीही रोमन लिपी उसनी घेऊन ‘बिआटेक’ हे नाव आपल्या चांदीच्या नाण्यांवर छापले होते. स्वतंत्र स्लोव्हाकियाने युरो स्वीकारण्यापूर्वीच्या आपल्या पाच कोरुनांच्या नाण्यावर तेच बिआटेक नाणे छापले आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे ते नाव पुन्हा लोकांच्या खिशात आले. विळिवायकुराचे नाव मात्र आज कोल्हापुरातही नाणेसंग्राहकांखेरीज फारसे कोणाला ठाऊक नाही.

नंतरच्या काळाची साधने अधिक बोलकी आहेत. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने 959 मध्ये तमिळ देशातील मेलपाटीच्या छावणीतून काढलेला ताम्रपट कऱ्हाडला मिळाला आहे. त्यात करहाट (कऱ्हाड) प्रदेशातील गाव तेथील शैव मठाच्या आचार्याला दिल्याचे नमूद आहे. काश्मिरी कवी बिल्हणाने चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या चरित्रकाव्यात करहाटच्या शिलाहार राजकन्येच्या स्वयंवराचे वर्णन केले आहे. सांगली जिल्ह्यात मिरजेला चालुक्य राजा दुसरा जयसिंह याचा 1024 चा ताम्रपट सापडला, त्यामुळे मिरजेची प्राचीनताही सांगलीपेक्षा कितीतरी आधीची ठरते. कऱ्हाडच्या आदिलशाही मशिदीचे मनोरे, पंताचा कोट आणि त्यातील नकट्या रावळाची पायऱ्यांची विहीर हे त्याच्याही वरचे, आज डोळ्यांना दिसणारे थर होत. इतिहासप्रेमी मंडळी बहुधा इथपर्यंत येऊन थांबतात, कारण त्याखालचे पाहायचे तर खणावे लागते.

खणण्याची संधी शहरात रोज येते, पण ती पुरातत्त्वज्ञाला मिळत नाही, बांधकाम करणाऱ्याला मिळते. युरोपीय देशांनी 1992 च्या व्हॅलेटा करारान्वये नगररचनेच्या टप्प्यावरच पुरातत्त्वज्ञांना सहभागी करून घेण्याचे आणि बांधकामापूर्वीच्या तपासणीचा खर्च त्या प्रकल्पातूनच भागवण्याचे तत्त्व मान्य केले. भारतातील 1958 चा प्राचीन स्मारके कायदा, 2010 च्या दुरुस्तीनुसार, संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवतो. मात्र तो स्मारकाला संरक्षण देतो, पेठेखाली दडलेल्या, अद्याप कोणी न पाहिलेल्या वस्तीला नाही. ही उणीव नगरपालिकेने मनावर घेतले तर बऱ्याच अंशी भरून काढता येईल. जुन्या पेठांत पायाचा खड्डा घेण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या विभागाला किंवा राज्य पुरातत्त्व विभागाला कळवण्याची अट परवान्यात घातली आणि खड्ड्याच्या चारही बाजूंची छायाचित्रे मापपट्टीसह काढून ठेवली, तरी पुढच्या अभ्यासकाचे निम्मे काम होईल.

दरम्यान, पाया खणताना नाणी, मूर्ती, ताम्रपट किंवा लेख असलेला दगड हाती लागल्यास तो घासूनपुसून देवघरात ठेवू नये किंवा मोडीत घालू नये. वस्तू कोणत्या खोलीवर मिळाली ते लिहून ठेवावे, शक्य तर ती जागेवरच राहू द्यावी आणि तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देणे 1878 च्या निखात निधी कायद्याने सापडणाऱ्यावर बंधनकारकच आहे. जमिनीतून निघालेली वस्तू अशी जपली गेली तर ती सर्वांची होते : ब्रह्मपुरीचा पोसायडन कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयाचे भूषण मानला जातो.