विमा, राज्य विधिमंडळाचे अधिकार आणि गोंदिया जिल्ह्यातील शेतकरी : एक विवेचन

प्रस्तावना :

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगा, बाघ, चुलबंद व गाढवी या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या या जिल्ह्याचे अर्थकारण प्रामुख्याने धानाच्या पिकावर उभे आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीत काम करताना वीज पडणे, सर्पदंश होणे, नदीच्या पुराने उभे पीक पाण्याखाली जाणे, कापणीनंतर बांधीत पसरलेल्या कडपा अवकाळी पावसात भिजणे या आपत्ती येथील शेतकऱ्याला नवीन नाहीत. अशा प्रत्येक आपत्तीनंतर ‘विमा मिळेल काय?’ हा प्रश्न गावात विचारला जातो आणि त्याचे उत्तर स्थानिक आमदारांकडून, म्हणजेच राज्य विधिमंडळाकडून अपेक्षिले जाते. अर्जुनी-मोरगाव, तिरोडा, गोंदिया व आमगाव या चार मतदारसंघांचे प्रतिनिधी हा प्रश्न सभागृहात मांडतात. परंतु विमा या विषयावर कायदा करण्याचा अधिकार मुळात राज्य विधिमंडळास आहे काय, याची चर्चा फारशी होत नाही.

विमा क्षेत्रात राज्य विधिमंडळाच्या अधिकाराची मर्यादा कोणती, त्या मर्यादेत राज्याने आजवर काय केले आणि कायद्याऐवजी शासन निर्णयाचा मार्ग स्वीकारल्याने शेतकरी कुटुंबाच्या हक्कावर काय परिणाम होतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संविधानातील अधिकार विभागणी :

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत कायदे करण्याच्या विषयांची संघसूची, राज्यसूची व समवर्ती सूची अशी विभागणी केलेली आहे. संघसूचीतील ४७ व्या नोंदीत ‘विमा’ हा विषय स्वतंत्रपणे दिलेला आहे. त्यामुळे विमा कंपनीला परवाना देणे, तिच्या भांडवलाची अट ठरविणे, पॉलिसीच्या अटींवर नियंत्रण ठेवणे हे विषय संसदेच्या कक्षेत येतात. १९३८ चा विमा अधिनियम, १९५६ चा आयुर्विमा महामंडळ अधिनियम, सर्वसाधारण विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा १९७२ चा अधिनियम आणि विमा नियामक व विकास प्राधिकरण स्थापन करणारा १९९९ चा अधिनियम हे सर्व केंद्रीय कायदे आहेत. विमा कंपन्यांतील परकीय गुंतवणुकीची मर्यादा शंभर टक्क्यांपर्यंत वाढविणारे विधेयकही डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनेच संमत केले.

या बाबतीत अमेरिकेची व्यवस्था नेमकी उलट आहे. तेथे १९४५ च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्याने विमा व्यवसायाचे नियमन मुख्यतः घटक राज्यांकडे ठेवले. प्रत्येक राज्याचा स्वतंत्र विमा कायदा व स्वतंत्र नियामक असल्याने तेथील राज्य विधिमंडळाच्या कामकाजात विम्यासंबंधीची विधेयके नियमितपणे येतात. महाराष्ट्र विधिमंडळाच्या मुंबईतील वा नागपुरातील अधिवेशनात असे विधेयक का दिसत नाही, याचे उत्तर संघसूचीच्या या एका नोंदीत आहे.

तथापि विम्याभोवतीचे अनेक विषय राज्याच्या हाती आहेत. कृषी व सार्वजनिक आरोग्य हे राज्यसूचीतील विषय आहेत. समवर्ती सूचीतील २३ व्या नोंदीत ‘सामाजिक सुरक्षा व सामाजिक विमा; रोजगार व बेरोजगारी’ हा विषय असून त्यावर संसद व राज्य विधिमंडळ या दोहोंना कायदा करता येतो. व्यापारी विमा आणि सामाजिक विमा यांतील हा भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. पहिला नफ्यासाठी केलेला करार आहे, तर दुसरे नागरिकाला दिलेले संरक्षण आहे.

सीमारेषेवरील कायदा : ठेवीदार संरक्षण अधिनियम

केंद्राच्या विषयाला स्पर्श करणारा कायदा राज्याने केल्यास तो टिकतो काय, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ हे उदाहरण उपयुक्त ठरते. आकर्षक व्याजाच्या आमिषाने ठेवी गोळा करून त्या परत न करणाऱ्या वित्तीय संस्थांची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद या अधिनियमात आहे. बँकिंग व कंपन्या हे केंद्राचे विषय असल्याच्या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २००५ मध्ये हा अधिनियम घटनाबाह्य ठरविला. पुढे तामिळनाडूतील अशाच अधिनियमाविषयीच्या के. के. भास्करन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये वेगळी भूमिका घेतली. कायद्याचा काही भाग दुसऱ्या सूचीतील विषयाला स्पर्श करीत असला तरी त्याचा गाभा कोणत्या विषयाशी निगडित आहे, हे पाहावे लागते, असे तत्त्व लावून न्यायालयाने तो अधिनियम वैध ठरविला. त्यानंतर महाराष्ट्राच्या अधिनियमाची वैधताही सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली.

या उदाहरणावरून असे दिसते की, राज्य विमा कंपनीचे नियमन करू शकत नसले तरी नागरिकाच्या संरक्षणाचा गाभा असलेला कायदा करण्याचा मार्ग त्याला पूर्णपणे बंद नाही.

अपघात विम्यापासून सानुग्रह अनुदानापर्यंत :

महाराष्ट्र शासनाने २००५-०६ पासून शेतकऱ्यांसाठी अपघात विमा योजना राबविली. पुढे ती शेतकरी जनता अपघात विमा योजना या नावाने व २०१५-१६ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना या नावाने चालली. शेतकऱ्याच्या वतीने हप्ता शासन भरत असे आणि दावा विमा कंपनी मंजूर करीत असे. अपघाती मृत्यू आल्यास २ लाख रुपये ही रक्कम २०१५-१६ पासून देय झाली.

प्रत्यक्षात मात्र अडचणी आल्या. दावे वेळेत मंजूर न होणे, कागदपत्रांत अनावश्यक त्रुटी काढणे, दावे नाकारणे, एका वर्षाचा करार संपून दुसरा सुरू होईपर्यंत खंड पडणे अशा तक्रारी वाढल्या. त्यामुळे १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने विमा कंपनी व दलाल यांना वगळून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना सुरू करण्यात आली. या योजनेत अपघाती मृत्यू तसेच दोन डोळे किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये, तर एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. १० ते ७५ वर्षे वयोगटातील खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांचा तीत समावेश झाला. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करावयाचा व निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समितीने घ्यावयाचा, अशी रचना ठरली.

मध्यस्थ दूर झाल्याने लाभ सुकर होण्याची शक्यता निर्माण झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु या बदलात एक महत्त्वाची कायदेशीर गोष्ट घडली. पूर्वी विम्याचा करार होता. दावा नाकारला गेल्यास मृत शेतकऱ्याची पत्नी सेवेतील त्रुटीच्या मुद्द्यावर जिल्हा ग्राहक मंचाकडे विमा कंपनीविरुद्ध दाद मागू शकत होती. ‘सानुग्रह’ या शब्दाचा अर्थच मुळी अनुग्रहपूर्वक, म्हणजे कृपा म्हणून दिलेले असा आहे. येथे हप्ता नाही, करार नाही आणि म्हणून ग्राहकाचे नातेही उरत नाही. अर्ज फेटाळला गेल्यास वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे विनवणी करणे किंवा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका दाखल करणे, हेच मार्ग प्रामुख्याने उरतात. सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील एखाद्या विधवेसाठी गोंदियाचा ग्राहक मंच आणि नागपूरचे उच्च न्यायालय यांतील अंतर केवळ किलोमीटरचे नसते. शासनाने तिला कंपनीच्या जाचातून सोडविले, पण जाचाविरुद्ध दाद मागण्याचे जवळचे ठिकाण तिच्याकडे उरले नाही.

पीक विमा : शासन निर्णयाने बदलणारा हक्क

प्रधानमंत्री पीक विमा योजना खरीप २०१६ पासून लागू झाली. ही केंद्राची योजना असली तरी ती राबवावयाची किंवा नाही, कोणती पिके अधिसूचित करावयाची, कोणत्या जोखमी स्वीकारावयाच्या याबाबत राज्याला निर्णयाचा वाव आहे. महाराष्ट्राने खरीप २०२३ पासून शेतकऱ्याकडून केवळ १ रुपया घेऊन त्याच्या हिश्श्याचा उर्वरित हप्ता स्वतः भरण्याचे धोरण स्वीकारले. ९ मे २०२५ च्या शासन निर्णयाने ते मागे घेण्यात आले. खरीप २०२५ साठी शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपातील अन्नधान्य व गळीत पिकांसाठी विमा संरक्षित रकमेच्या कमाल २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के व नगदी पिकांसाठी ५ टक्के झाला. त्याचबरोबर पेरणी न होणे, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती व काढणीपश्चात नुकसान या चार बाबी वगळून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पादनावर आधारित ठेवण्यात आली.

या बदलाचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या महसूल मंडळाचे धानाचे उंबरठा उत्पादन एकरी १० क्विंटल असेल आणि कापणी प्रयोगांतून सरासरी ७.५ क्विंटल उत्पादन निघाले, तर घट २५ टक्के ठरते व मंडळातील प्रत्येक विमाधारकाला संरक्षित रकमेच्या २५ टक्के भरपाई मिळते. उलट मंडळाची सरासरी १० क्विंटल किंवा अधिक भरली, तर नदीकाठच्या ज्या शेतकऱ्याची बांधी आठ दिवस पाण्याखाली राहिली, त्याला काहीही मिळत नाही. कापणी प्रयोग आटोपल्यानंतर ज्याच्या कडपा पावसात भिजून धानाला कोंब फुटले, त्याचे नुकसानही या गणितात येत नाही. स्थानिक आपत्ती व काढणीपश्चात नुकसान या बाबी अशाच वैयक्तिक नुकसानीसाठी होत्या.

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय कृषी मंत्रालयाने खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान आणि धानाचे पीक पाण्याखाली जाणे या दोन बाबी स्थानिक आपत्तीच्या संरक्षणात समाविष्ट करण्याची घोषणा केली. धानाविषयीची तरतूद २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली होती. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांसाठी व वैनगंगेकाठच्या धान उत्पादकांसाठी या दोन्ही बाबी मोलाच्या आहेत. परंतु वन्यप्राण्यांची यादी अधिसूचित करण्याचे काम राज्याचे आहे. म्हणजे केंद्राने दार उघडले तरी शेतकऱ्यास आत घेण्याचा निर्णय राज्याच्या अधिसूचनेवर अवलंबून राहतो.

विधिमंडळाची खरी भूमिका :

वरील दोन्ही योजनांत अधिनियम कोठेही नाही. विधिमंडळाचा संबंध येतो तो अर्थसंकल्प, पुरवणी मागण्या व विनियोजन विधेयक संमत करताना. सदस्य तारांकित प्रश्न विचारू शकतात, लक्षवेधी सूचना मांडू शकतात; परंतु शासन निर्णयातील अटींवर विधेयकाप्रमाणे खंडशः चर्चा होत नाही, त्यांना दुरुस्ती सुचविता येत नाही. एका शासन निर्णयाने दिलेले दुसऱ्या शासन निर्णयाने काढून घेता येते, हे २०२३ ते २०२५ या काळात पीक विम्याबाबत दिसून आले.

याच महाराष्ट्राने वेगळा मार्गही चोखाळला आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला विधिमंडळाने १९७७ मध्ये अधिनियमाचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ च्या अधिनियमाने व्यवसाय कर बसविण्यात आला. प्राध्यापकांच्या वेतनातून दरवर्षी कपात होणारे २,५०० रुपये हा त्याच कराचा भाग होय. योजना होती तोवर काम ही शासनाची कृपा होती. अधिनियम झाल्यावर तो मागणाऱ्याचा हक्क झाला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याला या अनुभवाचा आधार मिळाला.

शेतकरी अपघात सुरक्षेबाबतही असेच करता येण्यासारखे आहे. समवर्ती सूचीतील २३ व्या नोंदीखाली राज्य अधिनियम करू शकते. त्यात लाभार्थ्याची व्याख्या, निर्णयाची कालमर्यादा, विलंबास व्याज, लेखी कारणांशिवाय अर्ज न फेटाळण्याचे बंधन आणि जिल्हास्तरावर अपील यांची तरतूद करता येईल. कालमर्यादा, अपिले व दोषी अधिकाऱ्यास दंड ही रचना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये विधिमंडळाने आधीच स्वीकारलेली आहे. अशा अधिनियमाने राज्यावर कायमस्वरूपी आर्थिक दायित्व येईल, हा आक्षेप योग्य आहे. परंतु अनिश्चिततेचा भार शासनाने पेलावा की मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाने, असा हा प्रश्न आहे; आणि शासनाची पेलण्याची क्षमता निश्चितच अधिक आहे.

समारोप :

विमा कंपन्यांचे नियमन राज्य विधिमंडळाच्या अधिकारकक्षेत नाही. सामाजिक सुरक्षेचा हक्क निर्माण करणे मात्र निश्चितपणे आहे. महाराष्ट्राने शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी पैसा दिला, योजना दिल्या, त्यांत वेळोवेळी सुधारणाही केल्या. परंतु रोजगाराच्या बाबतीत जे १९७७ मध्ये केले, ते अपघात सुरक्षेच्या बाबतीत केले नाही. करार, शासन निर्णय व अधिनियम हे तीन शब्द राज्यशास्त्राच्या वर्गात व्याख्या म्हणून शिकविले जातात. गोंदिया जिल्ह्यातील धान उत्पादक कुटुंबासाठी मात्र पहिल्यातून भरपाईचा दावा, दुसऱ्यातून अनुग्रह आणि तिसऱ्यातून हक्क निर्माण होतो. हा फरक विद्यार्थ्यांपर्यंत आणि त्यांच्यामार्फत गावापर्यंत पोहोचविणे, हे ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापकांना सहज करता येण्याजोगे कार्य आहे.